पेढ्याएवढा पोचा

नवी गाडी घेताना माणूस कसा वागतो हे कुणीही सांगेल. हार, पेढे, फोटो आणि शेजाऱ्याच्या कानापर्यंत पोचेल असा हॉर्न. तीच गाडी मुदतीआधी परत करायला आलेला माणूस कसा वागतो, हे सांगणारे मात्र आम्ही थोडेच. बारामतीत इंदापूर रस्त्याला आमच्या फायनान्स कंपनीचं यार्ड होतं. यार्ड म्हणजे तारेचं कुंपण, पत्र्याची शेड, एक कडुलिंब आणि कडुलिंबाखाली खुर्ची टाकून मी. नव्वदच्या दशकातली माझी वर्षं त्या झाडाखाली गाड्यांच्या अंगावरचे ओरखडे बघण्यात गेली. संध्याकाळी बायको विचारायची, आज काय केलंत? मी सांगायचो, दोन जीपा आणि एक मोटार तपासली. ती म्हणायची, सांगता तर असं की जसं काही त्यांना ताप होता.

हा धंदा काय होता ते आधी सांगतो. हप्त्यावर घेतलेली गाडी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कागदोपत्री कंपनीची. मध्येच ती नकोशी झाली तर गिऱ्हाइकानं ती आणून द्यावी, कंपनीनं किंमत ठरवावी आणि उरलेला हिशोब वळता करावा. इथवर कुणाचं भांडण नसे. भांडण पुढं. गाडी वापरली की झिजणारच. टायर गुळगुळीत होणार, पॅडलचं रबर उडणार, सीट बसणार. ही साधी झीज, तिचे पैसे लागत नाहीत. पण दार चेपलं, काच तडकली, सीट फाटलं, तर ते नुकसान आणि ते गिऱ्हाइकाच्या माथी. झीज कुठं संपते आणि नुकसान कुठं सुरू होतं, ती रेघ मी ओढायची. माझ्या हातातल्या छापील तक्त्यात दोनच रकाने होते. एक 'साधी झीज' आणि दुसरा 'निष्काळजी वापर'. हा दुसरा शब्द पुण्याच्या मुख्य कचेरीत बसून कुणीतरी काढला होता. तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर वाचून दाखवायची पाळी त्याच्यावर कधी आली नसणार.

तोंडावर वाचला की काय होतं याचा एक नमुना सांगतो. सांगवीचे एक आबा दुधाचा धंदा करत. त्यांनी जीप परत आणली तेव्हा मागची बाकं गायब होती आणि दोन वर्षं सांडलेल्या दुधानं आतला पत्रा खाऊन टाकला होता. वास असा, की यार्डातलं मांजर तीन दिवस त्या जीपमधून हललं नाही.

"आबा, पत्रा सडलाय," मी म्हणालो.

"दुधानं कुठं पत्रा सडतोय व्हय? दूध ल्हान लेकरू पितंय."

"लेकरू पितं. पत्र्याला कशाला पाजलंत?"

"आमी न्हाय पाजलं. त्यानंच पिलं."

मी अर्धा पत्रा झिजेत लिहिला, अर्धा निष्काळजीत. आबा खूश झाले आणि जाताना मला एक लिटर दूध देऊन गेले. असा माझा न्याय चाले. खरं सांगायचं तर मला त्याचा तोरा होता. पोचा बघून तो कशानं पडला हे मी सांगू शकत असे, आणि ते सांगताना माझी मान जरा वर जात असे.

सोनवणे आले ते गळिताच्या ऐन हंगामात, एका शनिवारी सकाळी. दिनकरराव सोनवणे भवानीनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. उसाची गाडी काट्यावर चढली की भरलेलं वजन घ्यायचं, ती रिकामी होऊन आली की रिकामं वजन घ्यायचं आणि फरकाची पावती शेतकऱ्याच्या हातात द्यायची, हे त्यांचं काम. पन्नाशीचे, जाड भिंगाचा चष्मा, खिशाला दोन पेनं. बरोबर त्यांच्या मंडळी होत्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून सगळा गाव त्यांना सिस्टर म्हणे आणि घरात सोनवणेही तेच म्हणत. सिस्टरांची नेमणूक लोणी भापकरला होती. दोन एसट्या बदलायच्या, त्यातली एक आली तर आली. म्हणून त्यांनी हप्त्यावर ही पांढरी मोटार घेतली. सोमवारी सिस्टरांना सोडायचं, शनिवारी आणायचं. आता त्यांची बदली घरापासून चालत जाण्याइतकी जवळ झाली होती. दारात उभी करून नुसती पुसत बसण्यापेक्षा गाडी परत द्यावी, असं दोघांनी ठरवलं होतं.

मी तक्ता घेऊन गाडीभोवती फिरायला लागलो. सोनवणे माझ्यामागं, हातात स्वतःची वही. मी एक ओळ लिहिली की ते ती वाचत आणि पटली तर तिच्यापुढं बारीक अक्षरात 'बरोबर' असं लिहीत. काट्यावरच्या पावत्यांवर तसं लिहायची त्यांची सवय होती. माझ्या तक्त्यावर त्याआधी कुणी शेरा मारलेला नव्हता. मला ते फारसं रुचलं नाही.

"दोन्ही बाजूंना बारीक ओरखडे," मी म्हणालो आणि पेन निष्काळजीच्या रकान्याकडं नेलं.

"थांबा साहेब. हे उसाच्या पानाचं हाय."

"ते दिसतंय मला."

"गाडी देताना तुमी पत्ता लिहून घेतला हुता. भवानीनगर लिहिलं. तितं रस्त्याला दोन्ही अंगानं ऊस असतोय, हे कंपनीला ठावं न्हवतं का?"

आमच्या भागात अशा ओरखड्यांशिवाय गाडी मिळणं कठीण. उसाचं पान करवतीसारखं, आणि शिवारातले रस्ते असे की दोन्हीकडची पानं गाडीच्या अंगावरून हात फिरवल्याशिवाय सोडत नाहीत. मी ओळ झिजेत लिहिली. सोनवण्यांनी 'बरोबर' लिहिलं.

"ड्रायव्हरचं सीट एका बाजूला बसलंय."

"मी चौऱ्याऐंशी किलो हाय. कवाबी काट्यावर बघा."

ही पण झीज. मग मी मागचं दार उघडलं आणि सीटवर हाताच्या पंजाएवढा जांभळा डाग दिसला. आता हे गृहस्थ याचं काय करतात बघू, असं मनात म्हणालो. पण सोनवणेच पुढं झाले.

"ते आमचं. निष्काळजीत लिवा."

"माझ्या पिशवीतली औषधाची बाटली सांडली," सिस्टर म्हणाल्या. "बूच घट्ट लावलं नव्हतं मी."

"आन् डिकीत डाव्या कोपऱ्यात एक चीर गेलीया पत्र्याला. पंप ठेवताना माझ्या हातनं गेली. तुमच्या नजरेतनं सुटलं ते."

माझ्या उभ्या नोकरीत स्वतःच्या विरुद्ध ओळी वाढवून देणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. मी डिकी उघडून पाहिलं. चीर होती. नजरेतून सुटलं हे ऐकून माझा तोरा जरा दुखावला होता, म्हणून गाडीच्या तोंडाशी आल्यावर मी तो भरून काढायचं ठरवलं.

समोरच्या जाळीच्या भागाला गॅरेजवाले 'शो' म्हणतात. त्या शोच्या वर, बॉनेटच्या ओठावर, पेढ्याएवढा पोचा होता. मी गुडघ्यावर बसलो, त्यावरून बोट फिरवलं आणि दोघांना उद्देशून एक छोटं व्याख्यान दिलं. बैलाच्या शिंगाचा पोचा लांबट आणि खोल असतो. पोरांच्या चेंडूचा उथळ असतो आणि रंगाला धक्का लागत नाही. हा गोल आहे आणि याच्या भोवती शेंडीच्या बारीक रेघा आहेत. म्हणजे हा नारळ.

"नारळच, म्हणता?" सोनवण्यांनी विचारलं.

"शंभर टक्के. पूजा करता ती करा, पण नारळ दगडावर फोडायचा सोडून तुम्ही लोक गाडीवरच हाणता. याला निष्काळजी नाही तर काय म्हणायचं?"

"तसं लिवा मग."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'पुढील भागास पोचा. कारण: नारळ.' सोनवण्यांनी ओळ वाचली, पण पेन टेकवलं नाही. सिस्टर पदर तोंडाशी धरून कडुलिंबाकडं बघत होत्या.

"साहेब, आमी बौद्ध हाय. आमच्यात गाडीला नारळ फोडत न्हाईत."

"मग फोडला कुणी?"

"त्येच इचारतोय मी तुमाला."

मला आठवायला वेळ लागला नाही, कबूल करायला लागला. दोन वर्षांपूर्वीचा दसरा. त्या दिवशी आमच्याकडं गाड्या न्यायला जत्रा लोटायची. मी सकाळपासून सात गाड्या दिल्या होत्या आणि सातही नारळ मीच फोडले होते. गिऱ्हाईक म्हणे, साहेब, तुमच्या हातानं होऊ द्या, आणि मला ते आवडे. ट्रॅक्टरला नि जीपला पुढं लोखंडी हूक असतो, त्यावर एका दणक्यात नारळ दोन भकलं व्हायचा. लोक वा वा करायचे. आठवी गाडी सोनवण्यांची. ती माणसंसुद्धा दसऱ्यालाच आली, म्हणजे मुहूर्तालाच आली, असं मी धरून चाललो. त्यांचा तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सगळी पांढऱ्या कपड्यांत होती. सिस्टरांच्या हातात मेणबत्ती होती आणि त्यांची मुलगी दोन तसबिरी छातीशी धरून उभी होती. मी "चला चला, पुढची गाडी थांबलीय," म्हणत कंपनीच्या पोत्यातला नारळ काढला आणि सवयीनं हाणला. मोटारीला हूक नव्हता. नारळ बंपरवरून निसटला, बॉनेटला लागला आणि तरीही फुटला. मी भकलं त्यांच्या हातात दिली आणि पुढच्या गाडीकडं वळलो.

आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मला पोच्याचं तेवढं वाटत नाही. पाच-सहा माणसं मेणबत्ती नि तसबिरी घेऊन माझ्यापुढं हातभरावर उभी होती आणि ती मला दिसली नव्हती, याची लाज वाटते.

"तेव्हाच का नाही बोललात?" मी विचारलं.

"तुम्ही इतक्या हौसेनं फोडलात, की बोलवेना," सिस्टर म्हणाल्या. "खोबऱ्याची चटणी केली मी घरी जाऊन. चांगली झाली होती."

मी हसलो, तेही हसले. वाटलं, मिटलं. मी ती ओळ खोडली आणि पोचा साध्या झिजेत टाकला. पैसे लागणार नाहीत, कुणाला बोल नाही. तक्ता त्यांच्यापुढं धरला. सोनवण्यांनी वाचला आणि परत दिला.

"झीज न्हाय ही."

"अहो, पण तुम्हाला एक पैसा पडणार नाही."

"पैशाचं कुठं काय म्हनलं मी? डागाचं दिलंच की. आमच्या वस्तीत आलेली ही पयली मोटार. आली तवा पारावर एक जण म्हनला, ह्यास्नी काय गाडी सांभाळती, दोन वर्षांत पत्रा करून टाकतील. मी दोन वर्षं रोज सकाळी ही गाडी पुसली. रोज ह्यो पोचा पुसला. पोरगी शिकतीया. उद्या नोकरीला लागल, गाडी घ्यायला तुमच्याच दारात यील. तवा तुमी जुना कागद काढून बघणार. त्यात आमी जे केलं ते असू द्या. जे केलं न्हाय ते का म्हणून?"

"झीज लिहिलं म्हणजे तुमच्यावर येतच नाही."

"झीज वापरणाऱ्याचीच असती, साहेब."

आता माझी बाजू सांगतो, म्हणजे आपण काही हरिश्चंद्र नव्हतो हे वाचणाऱ्याला कळेल. तेव्हा मी नोकरीत कायम झालो नव्हतो. पुण्याच्या साहेबांच्या टेबलावर माझी फाईल होती आणि त्या फायलीत मांजर नि दुधाच्या जीपवरून आलेला एक ठपका आधीच पडला होता. कंपनीच्या गाडीला कंपनीच्याच माणसानं, कंपनीच्याच नारळानं पोचा पाडला, असं स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवायचं म्हणजे काय होणार ते मला दिसत होतं. मी म्हणालो, पुण्याला विचारून कळवतो. आमच्या धंद्यात याचा अर्थ, तुम्ही विसरून जा. सोनवणे म्हणाले, "इचारा," आणि दोघं एसटीनं भवानीनगरला गेले. गाडी यार्डात राहिली. तिचं तोंड माझ्या खुर्चीकडं होतं.

आठ दिवस मी त्या पोच्यासमोर बसून चहा प्यायलो. पुण्याला काही विचारलं नाही. विचारायचं काय? नवव्या दिवशी कंपनीची मोटारसायकल काढली आणि सोनवण्यांचं मन वळवावं म्हणून भवानीनगरला गेलो. दुपारची वेळ होती. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्यांची रांग लागलेली, हवेत मळीचा गोडसर कुबट वास. सोनवणे काट्याच्या खिडकीत बसले होते. मी खिडकीशी जाऊन हळू आवाजात सुरुवात केली, की तात्या, थोडं समजून घ्या, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. एव्हाना मी 'अहो'वरून 'तात्या'वर उतरलो होतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडीसकट चढा काट्यावर."

"मी?"

"व्हय. चढा."

मी मोटारसायकलवर बसून त्या भल्यामोठ्या लोखंडी फळीवर गेलो. त्यांनी वजन लिहिलं. "आता तुमी उतरा. गाडी राहू द्या." मी उतरलो. त्यांनी परत लिहिलं. मागं उसाच्या ट्रॅक्टरवर एक बागायतदार खोळंबला होता. तोडलेल्या उसाचं उन्हात वजन घटतं, त्यामुळं रांगेतल्या प्रत्येकाचा जीव टांगणीला लागलेला.

"तात्या, मानसं मोजताय का ऊस?" तो ओरडला. "वाळतोय आमचा."

"ह्यो बी वाळतोय," सोनवणे शांतपणे म्हणाले. "आठ दिवस झालं."

मला खिडकीशी बोलावून त्यांनी कागद पुढं केला. एकाखाली एक दोन आकडे आणि खाली वजाबाकी. "सत्तर किलो. मोठा काटा हाय, पाच-धा किलो इकडं तिकडं. पण ह्यो फरक तुमी. गाडीचा न्हाय, माझा न्हाय. गाडी देताना तुमी हजर, घेताना तुमी हजर. मधला जो फरक आमचा हुता, तो आमी समदा लिवून दिला. राहिला तो कुणाचा, हे तुमाला ठावं हाय. माझ्याकडून आणिक काय पायजे?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. मी तो कागद घडी करून खिशात घातला, मोटारसायकल काट्यावरून खाली ढकलत नेली आणि बागायतदारानं मला जे काही ऐकवलं ते ऐकून घेत परत निघालो.

यार्डात आल्यावर कोरा तक्ता घेतला. सगळ्या ओळी उतरवल्या. पोच्याच्या ओळीला दोन्ही रकाने बसेनात, म्हणून पट्टी घेऊन कडेला तिसरा रकाना आखला. त्याच्या डोक्यावर लिहिलं, 'कंपनीच्या माणसाकडून'. आणि खाली: 'पुढील भागास पोचा. कारण: ताबा देताना गिऱ्हाइकास न विचारता फोडलेला नारळ. फोडणार: माने.' सही केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भवानीनगरला जाऊन तो सोनवण्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला आणि ओळीपुढं 'बरोबर' लिहिलं. मग खिडकीतूनच मला अर्धा कप चहा दिला.

तक्ता पुण्याला पोचला त्या दुपारी साहेबांचा फोन आला.

"माने, या तक्त्याला दोनच रकाने असतात."

"आता तीन आहेत साहेब."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"नारळ तुम्ही फोडलात?"

"हो."

"गाडीवर?"

"हो."

"बारामतीत दगड मिळत नाहीत का?"

डेंटरचे पैसे माझ्या पगारातून गेले आणि कायम होणं सहा महिने लांबलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, आपल्या लग्नातला नारळसुद्धा तुमच्या हातून तिरपाच फुटला होता. मला ते आठवत नाही, पण तिला आठवत असेल तर असेल.

महिन्याभरानं सगळ्या शाखांना पत्रक आलं. वाहन सुपूर्द करताना नारळ वाहनावर फोडू नये, त्यासाठी दगड वापरावा. त्याखाली, आधी ग्राहकास विचारावे. हे दुसरं वाक्य मी साहेबांना पत्र लिहून सुचवलं होतं, आणि माझ्या सगळ्या नोकरीत मुख्य कचेरीनं माझं ऐकलं ते एवढंच. आमच्या शाखेनं भिगवण रस्त्याच्या खाणीतून एक काळा दगड आणला. पुढच्या तपासणीत हिशोबनिसानं त्यावर ऑइलपेंटनं क्रमांक टाकून मालमत्तेच्या यादीत चढवला, खुर्चीच्या खाली आणि पंख्याच्या वर. आणि पुढच्या वेळी तक्ते छापून आले तेव्हा त्यात तिसरा रकाना होता. मी आखला होता त्यापेक्षा अरुंद, पण होता.

दशक सरता सरता सोनवण्यांची मुलगी परीक्षा देऊन सरकारी नोकरीला लागली आणि वडील म्हणाले होते तशी आमच्याच दारात आली. मी जुना कागद काढला नाही. काढायची गरजच नव्हती, तो मला पाठ होता. गाडी न्यायला त्यांनी पुन्हा तोच दिवस धरला. यार्डात दसऱ्याची गर्दी, दगडावर नारळांचा सडा. सोनवणे, सिस्टर, मुलगी, सगळी पांढऱ्या कपड्यांत. मी दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राहिलो.

"काय करू मी?" मी विचारलं. सात वर्षं उशिरा, पण विचारलं.

सोनवण्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. "मोकळं हायती न्हवं? ही धरा." आणि पेटलेली मेणबत्ती माझ्या हातात दिली. वारा सुटला होता, कुणीतरी आडोसा करायला हवाच होता. ती सगळी हात जोडून गाडीपुढं उभी राहिली आणि संथ आवाजात वंदना म्हणू लागली. मी ज्योतीभोवती पंजा धरून बॉनेटशी उभा. शब्द मला येत नव्हते. पलीकडं दगडावर कुणाचा तरी नारळ फुटला, लोक वा वा म्हणाले, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजाकडं बघावंसं वाटलं नाही. सगळं लक्ष ज्योतीवर. त्यामुळं मेणबत्ती कधी कलली ते कळलं नाही.

वंदना संपली. पेढे वाटले गेले. मी ताबा पावती भरायला घेतली (तिच्या पाठीवर आता तोच तीन रकान्यांचा तक्ता छापलेला असे), गाडीभोवती एक फेरी मारली आणि पुढं आल्यावर थांबलो. मग तिसऱ्या रकान्यात लिहिलं: 'बॉनेटवर मेणाचा एक थेंब. सांडणार: माने.'

मुलगी म्हणाली, "काका, अहो, मेण निघतं."

"निघू दे. आधी लिहितो."

सोनवण्यांनी पावती हातात घेतली. वरपासून खालपर्यंत वाचली, खिशातलं पेन काढलं आणि त्या ओळीपुढं 'बरोबर' लिहिलं. मग वाकून नखानं तो थेंब काढला.